डोळे आले नाहीत हो, पाणी गेलंय

परवा सकाळी नऊच्या आत, मध्य रेल्वे, लेडीज डबा, आणि मला चक्क विंडो मिळाली. हे वाक्य केवढं मोठं आहे ते ज्यांना कळलं त्यांना कळलं.

पण डोंबिवली सुटेपर्यंतच लक्षात आलं की ही विंडो आपल्याला झेपणारी नाही, वारा असा डोळ्यात घुसत होता की जणू मिरची चिरलेल्या हाताने कुणीतरी पापण्या चोळतंय. म्हणून पर्समधून ड्रॉपची कुपी काढली (०.४ मिलीची, बाळाच्या करंगळीएवढी, भाव विचारू नका), मान वर केली आणि नेमका गाडीने हिसका दिला. एक थेंब डोळ्यात, एक कानात आणि एक गवारीवर.

गवार चौथ्या सीटवरच्या काकूंची होती. म्हणजे काकू अर्ध्या सीटवर अर्ध्या हवेत, पण त्यांची गवार पेपरसकट अख्ख्या बाकाच्या मांडीवर, आणि निवडायला आम्ही सगळ्या.

"अगं, काय उडवलंस माझ्या भाजीवर?"

"सॉरी काकू, डोळ्यात घालायचं औषध आहे."

काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि झटक्यात पदर स्वतःच्या डोळ्यांवर घेतला. "डोळे आलेत तुझे!"

"आले नाहीत हो, कोरडे पडलेत."

"कोरडे? पाणी तर गालावर आलंय!"

"ते विकतचं आहे काकू."

हे त्यांना पटलं नाहीच. पदराआडून त्यांनी डब्याला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "बघू नका गं तिच्याकडे, नुसतं बघितलं तरी लागतं." २०२३ च्या पावसाळ्यात साथ आलेली तेव्हा त्यांच्या घरात सहा जणांचे डोळे आलेले, तेही म्हणे फक्त जावेने बघितल्यामुळे. बघण्याने नाही, हाताने पसरते साथ, असं मी सांगणार होते, पण सगळ्यांचे हात त्याच गवारीत होते म्हणून गप्प बसले. गंमत म्हणजे माना सगळ्यांच्या फिरल्या, जागेवरून एक बाई उठली नाही. साथ गेली खड्ड्यात, सीट महत्त्वाची.

मग मला राहवेना. म्हटलं काकू, हा ऑटोइम्यून आजार आहे, अंगातली प्रतिकारशक्ती बाहेरच्या जंतूंशी लढायचं सोडून आपल्याच अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर उठते.

"म्हणजे भाऊबंदकी!" काकूंचा पदर खाली आला.

तीन वर्षांत कुठल्या डॉक्टरला हे एका शब्दात सांगता आलं नव्हतं. पण पुढे ठाण्यापर्यंत त्यांच्या दिरांनी चिपळूणची आंब्याची कलमं कशी लाटली हेच चाललं. मुंब्र्याच्या पुढे मी फक्त "हो ना" म्हणत होते.

"नाव काय म्हणालीस या दुखण्याचं?"

"शोग्रेन. स्वीडनमधल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरचं आडनाव. त्याने १९३३ मध्ये १९ बायकांच्या केसेस लिहिल्या होत्या."

"बायकाच कशा?"

"दहातल्या नऊ बायकाच असतात."

"वाटलंच," काकू म्हणाल्या आणि एका गवारीचं देठ मोडलं.

मला मात्र तेव्हा काही वाटलं नव्हतं, कारण कुणी वाटूच दिलं नाही. डोळे चुरचुरतात म्हटलं तर मोबाइल कमी बघा, दाढा किडतायत तर गोड कमी खा, बोटं दुखतात तर कॅल्शियम घ्या, आणि पाण्याशिवाय पोळी उतरत नाही म्हटलं तर नुसतं हसले. डोळे, तोंड, सांधे तिन्ही एकाच बाईचे आहेत हे कुणाच्या डोक्यात येईना. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं. दहा मिलिमीटरच्या वर भिजली तर बरं, पाच किंवा कमी म्हणजे नापास. मला दोन. मग रक्त, मग ओठाच्या आतून तुकडा काढून तपासणी. आता हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनच्या त्या गोळ्या चालू आहेत ज्या २०२० मध्ये कोरोनाच्या भीतीने लोकांनी डबेच्या डबे भरून ठेवल्या होत्या आणि आमच्यासारख्या रोज घेणाऱ्या चार दुकानं हिंडत होत्या. त्या गोळ्यांनी डोळ्याच्या पडद्याला धोका, म्हणून दरवर्षी डोळे तपासा. पुन्हा डोळेच!

घरी तर कांदा चिरताना सगळे रडतात, मला नुसती आग होते. सासूबाईंना वाटतं मी मनाने खंबीर आहे.

तर हे सगळं, पट्टीसकट, मी काकूंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. घाटकोपर गेलं. दादर आलं तशी गवारीची पिशवी बांधत त्या म्हणाल्या, "म्हणजे वारा अजिबात नको तुला."

"नाहीच चालत हो," मी म्हटलं. इतक्या दिवसांत कुणाला तरी कळलं म्हणून गळाच दाटला, डोळे अर्थात कोरडेच.

"मग असं कर, उद्यापासून तू इथे चौथीला बस. विंडोला मी बसते."

काल बसले. आजही बसले. अर्धी सीटवर, अर्धी हवेत, मांडीवर त्यांची मेथी. आणि डोळे खरंच कमी चुरचुरले, हा त्यातला सगळ्यात संतापजनक भाग.