‘गावचाच पोरगा आहे, त्याला कसला पूर्वग्रह?’

समाजकार्याच्या विद्यार्थ्यांमध्ये एक मजकूर फिरतो आहे. संशोधक विदर्भातल्या खेड्यातलाच असेल, त्याला वऱ्हाडी येत असेल आणि तो मुलाखती शब्दशः उतरवत असेल, तर अभ्यासात पूर्वग्रह शिरत नाही. पूर्वग्रह घेऊन येतात ते पुण्या-मुंबईचे लोक. ऐकायला बरं वाटतं, पण टिकत नाही.

गावचा म्हणजे गावातल्या कोणत्या वस्तीतला? समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास 1948 मध्ये म्हैसूरजवळच्या एका गावात राहिले (‘रामपुरा’ हे नाव त्यांनीच दिलेलं). मुलूख त्यांचाच, तिथली कन्नडही त्यांना येत होती. तरी आपल्याला गाव दिसलं ते बहुतांशी वरच्या जातींच्या बाजूने, हे त्यांनी पुढे स्वतःच मान्य केलं.

वऱ्हाडी येते, हा फायदाच. पण समोरचा ‘तुमाले तं माहीतच हाये’ म्हणतो, आपण मान डोलावतो आणि नेमकी तिथलीच माहिती राहून जाते. यवतमाळच्या कोलाम पोडावर (कोलाम आदिवासींच्या वस्तीवर) तर वऱ्हाडीसुद्धा पाहुणीच.

शब्दशः उतरवण्याचा भरवसा सगळ्यात फसवा. उत्तरं त्यांची असतात, प्रश्न मात्र आपले. शेतकरी आत्महत्येच्या अभ्यासात पहिला प्रश्न बहुधा ‘कर्ज किती होतं?’ हाच. हा प्रश्न कुठून आला? 2006 च्या शासन निर्णयानुसार आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला 1 लाखाची मदत हवी असेल, तर जमीन कुटुंबाच्या नावावर हवी आणि बँक, सोसायटी किंवा परवानाधारक सावकाराचं थकलेलं कर्ज हवं. तलाठ्याने, तहसीलदाराने हेच विचारलं. त्याची बायको त्याच क्रमाने सांगायला शिकली. मग आपण जातो, तेच विचारतो आणि ‘कर्ज’ हा मुख्य मुद्दा सापडला म्हणून लिहितो. कर्ज हे कारण असेलही. पण अशा मुलाखतीतून ते कळणार नाही. त्यात नावांची यादी सातबाऱ्यावरून काढली, की मक्त्याने (भाड्याने) दुसऱ्याची जमीन वाहणारा आणि नावावर जमीन नसलेली बाई आधीच बाहेर.

म्हणून गावात जाण्याआधी अपेक्षित उत्तरं कागदावर लिहून काढावीत. मुलाखत उतरवल्यावर एकदा फक्त स्वतःचीच वाक्यं वाचावीत: ‘म्हणजे कर्जामुळेच ना?’ असं कितीदा म्हटलं, ते दिसतं. आपल्या निष्कर्षात न बसणारी मुलाखत परिशिष्टात ढकलू नये. बाकीच्या सगळ्या तिच्या उजेडात पुन्हा वाचाव्यात. आणि भेट कुठे, किती वाजता, कोणाच्या ओळखीने झाली, हे प्रत्येक नोंदीवर असावं. वेचणीच्या दिवसांत भरदुपारी सरपंचाच्या ओट्यावर भेटलेल्यांत किलोच्या भावाने कापूस वेचणारी एकही बाई नसते.