'एक सुजाण पालक' यांस उत्तर

महोदय,

निवृत्तीपूर्वी तिसरीच्या वर्गात मी घेत असलेल्या वर्गमंत्र्याच्या निवडणुकीविषयीच्या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया वाचली. "आठ वर्षांच्या मुलांना मतदान शिकवणे हे निव्वळ नाटक आहे, निवृत्त गुरुजींनी आता तरी विश्रांती घ्यावी," असे आपण लिहिता. मतभेदाला माझी ना नाही; परंतु ज्या वर्गात आपण पाऊलही ठेवले नाही, त्याला नाटक ठरवण्याआधी एखादा प्रश्न विचारला असता, तर तो आपण धारण केलेल्या नावाला अधिक शोभला असता. माझ्या विश्रांतीची काळजी घरचे घेतात.

एक चूक मान्य करतो. राष्ट्रीय मतदार दिवस १९५० पासून पाळला जातो, असे मी लिहिले होते. २५ जानेवारी १९५० हा निवडणूक आयोगाच्या स्थापनेचा दिवस. मतदार दिवस पाळण्यास २०११ मध्ये सुरुवात झाली. ती चूक दाखवून दिल्याबद्दल आभारी आहे, जरी त्यासाठी तीन उद्गारचिन्हे खर्ची घालण्याची आवश्यकता नव्हती.

आता 'नाटका'विषयी. एकतीस वर्षे मी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवले आणि अनेक निवडणुकांत मतदान केंद्राध्यक्ष म्हणून आदली रात्र वर्गातल्या बाकांवर काढली. चांगले शिकलेले गृहस्थ पत्नीच्या मागोमाग मतदान कक्षात शिरू पाहतात, "तिला समजत नाही, मीच बटण दाबतो" असे सांगतात आणि अडवले की नोकरीवर गदा आणण्याची धमकी देतात, हे मी एकदा नव्हे, दर खेपेला पाहिले आहे. माझी आजी आयुष्यभर आजोबा सांगतील त्याच चिन्हावर शिक्का मारत आली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी तर 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' यापलीकडे स्वतःचे नाव न सांगितल्यामुळे सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदार यादीतून गाळावी लागली. त्या बहुतांश उत्तरेकडच्या होत्या, हे आपण दाखवून देण्याआधीच नमूद करतो.

माझ्या वर्गात खडूचा रिकामा खोका ही मतपेटी असे आणि कपाटामागचा कोपरा हा मतदान कक्ष. प्रत्येक मूल यादीत स्वतःचे पूर्ण नाव लिहून चिठ्ठी घेई. फळ्यावर चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, अशी मोजणी सर्वांसमक्ष होई. एका वर्षी वर्गातल्या दांडग्या मुलाने शेजाऱ्याला "मलाच दिलंस ना?" म्हणून दरडावले, तेव्हा एरवी तोंड न उघडणारा तो मुलगा "ते सांगायचं नसतं" एवढेच बोलला आणि डबा खाऊ लागला. आपल्याला यात नाटक दिसत असेल, तर त्या केंद्रावरच्या गृहस्थांनी ते बालपणी पाहिले असते तर बरे झाले असते.

शालेय मंत्रिमंडळ नावापुरते असते व निर्णय शिक्षकच घेतात, आणि 'मतदान करू' अशी पालकांच्या सह्यांची संकल्पपत्रे आणण्यास मुलांना जुंपले जाते, हे आपले उरलेले आक्षेप व्यवस्थेविषयीचे आहेत, माझ्या लेखाविषयीचे नव्हेत. शिवाय सहलीचा खर्च आठ वर्षांच्या मुलांनी ठरवावा, असे आपल्यालाही वाटत नसावे.

आपल्या कन्येच्या शाळेतही ही निवडणूक सुरू झाल्याचे आपण त्राग्याने लिहिले आहे. तिने मत कोणाला दिले, हे एकदा विचारून पाहावे. आणि तिने सांगितले नाही, तर कृपया तिच्यावर रागावू नये.