बंदी नेमकी कशावर आहे, ते आधी सांगा

ब्यॉर्न ह्योके हे नाव महाराष्ट्रात फार कुणी ऐकलेलं नसेल. जर्मनीतल्या थ्युरिंगिया राज्यात एएफडी या अतिउजव्या पक्षाचा हा नेता, राजकारणात येण्याआधी शाळेत इतिहास शिकवायचा. मे २०२१ मध्ये मेर्सेबुर्गच्या प्रचारसभेत तो म्हणाला, 'आलेस फ्युर डॉइचलांड'. म्हणजे सगळं काही जर्मनीसाठी. कुठल्याही देशातला पुढारी सहज बोलून जाईल असं वाक्य. पण हिटलरच्या एसए या तपकिरी गणवेशातल्या टोळ्यांचं हे ब्रीद होतं, त्यांच्या कट्यारींच्या पात्यावर कोरलेलं. आपल्याला हे ठाऊक नव्हतं, असं या इतिहासाच्या मास्तराने हाल्लेच्या कोर्टात सांगितलं. कोर्टाला ते पटलं नाही. मे २०२४ मध्ये १३ हजार युरो दंड झाला. दरम्यान गेराच्या एका सभेत त्याने घोषणेची सुरुवात स्वतः केली आणि शेवटचा शब्द समोरच्या लोकांकडून वदवून घेतला. त्याबद्दल जुलैमध्ये आणखी १६,९०० युरो.

हे ऐकल्यावर माझ्या ओळखीतले बरेच मराठी लोक चमकतात. तीन शब्दांसाठी कोर्टकचेरी? मग अभिव्यक्तिस्वातंत्र्य कुठे उरलं?

मी स्टुटगार्टमध्ये राहते आणि या प्रश्नावर इतक्या वेळा बोलणं झालंय की एकदा नीट लिहावंसं वाटलं. पोस्ट मोठी आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. होय, असा कायदा अभिव्यक्तिस्वातंत्र्याला कात्री लावतो. लावत नाही असं म्हणणं लबाडीचं आहे. तरीही जर्मनीच्या दंडसंहितेतल्या कलम ८६अ ला माझा पाठिंबा आहे. आणि ज्या कारणांसाठी पाठिंबा आहे, त्याच कारणांसाठी आपल्याकडच्या आणि इथल्याही काही कायद्यांना माझा ठाम विरोध आहे.

८६अ काय म्हणतं? बेकायदा ठरलेल्या पक्षांची आणि संघटनांची चिन्हं, म्हणजे झेंडे, बिल्ले, गणवेश, घोषणा, अभिवादनाच्या पद्धती, जाहीरपणे वापरली तर तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा दंड. कला, संशोधन, शिक्षण, बातमी यांना सूट. म्हणून शाळेच्या पुस्तकात नाझी झेंड्याचा फोटो असतो आणि सिनेमात तो फडकतो. व्हिडिओ गेममध्ये मात्र २०१८ पर्यंत तो सहसा चालायचा नाही, त्यानंतर गेमनुसार तपासून परवानगी मिळू लागली.

खरी गोष्ट आहे ती २००९ ची, आणि तिच्याविषयी आपल्याकडे फार कमी बोललं जातं. बव्हेरियात वुन्सीडेल नावाचं छोटं गाव आहे. हिटलरचा उजवा हात रुडॉल्फ हेस याला तिथे पुरलं होतं. दरवर्षी नवनाझी तिथे मोर्चा काढायचे. २००५ मध्ये कायद्यात नवं पोटकलम आलं: नाझी राजवटीचं जाहीर गौरवीकरण करून तिच्या बळींची प्रतिष्ठा दुखावणं हा गुन्हा. प्रकरण घटनात्मक न्यायालयात गेलं. आता जर्मन राज्यघटनेचं कलम ५ सांगतं की मतस्वातंत्र्यावर मर्यादा घालायची तर ती सर्वसाधारण कायद्यानेच घालता येते, एखाद्या विशिष्ट मताला वेगळं काढून नव्हे. आणि हे पोटकलम तर उघड उघड एका विशिष्ट मताविरुद्ध होतं. न्यायालयाने शब्दांची कसरत केली नाही. हा कायदा सर्वसाधारण नाही हे मान्य केलं. नाझी विचारांनासुद्धा मतस्वातंत्र्याचं संरक्षण आहे, नागरिकांनी घटनेची मूल्यं मनातून मानलीच पाहिजेत अशी सक्ती घटना करत नाही, हेही सांगितलं. आणि मग म्हटलं की १९३३ ते १९४५ या काळात या देशाने जे केलं त्यामुळे हा एकच अपवाद मान्य आहे. तो दुसऱ्या मतांना लावता येणार नाही.

मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. आपण स्वातंत्र्य कापतोय हे राज्याने कबूल करायचं, किती कापतोय ते मोजून सांगायचं, का कापतोय ते सांगायचं आणि कापाची जागा वाढणार नाही याची हमी द्यायची. बंदीचा कायदा करणाऱ्यांकडून मला एवढीच अपेक्षा आहे, आणि नेमकी तीच बहुतेक ठिकाणी पुरी होत नाही.

अर्थात इथेही पोलीस आणि कनिष्ठ न्यायालयं कधीकधी टोक गाठतात. आमच्याच भागातलं उदाहरण आहे. एक कंपनी नाझीविरोधी स्टिकर आणि बिल्ले विकायची: लाल पट्टी मारलेला हाकेनक्रॉइझ (नाझींचं स्वस्तिकासारखं चिन्ह), किंवा तो कचऱ्याच्या डब्यात टाकणारा माणूस. स्टुटगार्टच्या न्यायालयाने २००६ मध्ये मालकाला ३,६०० युरो दंड ठोठावला, कारण चिन्ह ते चिन्ह! मार्च २००७ मध्ये वरच्या न्यायालयाने तो रद्द केला. विरोध स्पष्ट दिसत असेल तर गुन्हा नाही, असा तो निकाल. आज इथल्या कॉलेजच्या मुलांच्या सॅकवर तो बिल्ला सर्रास दिसतो.

आता आपल्या घरातली गोष्ट. स्वस्तिक. आम्ही गाडी घेतली तेव्हा सासूबाई इथे आल्या होत्या. नारळ, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, सगळं साग्रसंगीत. बॉनेटवर कुंकवाचं छान ठसठशीत स्वस्तिक काढलं. पूजा झाल्याबरोबर मी ओला फडका घेऊन आले. "अगं, पुसतेस काय? देवाचं आहे ते!" त्यांचा चेहरा पडला होता. मी म्हटलं, "आई, घरात देव्हाऱ्यात ठेवू. रस्त्यावर नको." खालच्या मजल्यावरच्या आजी तेव्हा दारातच होत्या. त्यांना फरक कळत होता, त्या हसून 'अभिनंदन' म्हणाल्या. पण आमच्या त्याच रस्त्यावर फरसबंदीत चार छोटे पितळी ठोकळे बसवलेले आहेत, इथे राहणाऱ्या आणि इथून नेऊन मारल्या गेलेल्या एका ज्यू कुटुंबाच्या नावांचे. कायद्याने माझ्यावर गुन्हा दाखल झाला नसता, धार्मिक स्वस्तिक हा या कलमाचा विषयच नाही. फडका मी माझ्या मनाने फिरवला. हिंदू म्हणून माझं काही हिरावलं गेलं असं मला वाटलं नाही. पण २००७ मध्ये जर्मनीने सगळ्या युरोपात हाकेनक्रॉइझवर बंदीचा प्रस्ताव आणला तेव्हा ब्रिटनमधल्या हिंदू संघटनांनी विरोध केला आणि चिन्हाचा मुद्दा मागे घेतला गेला, तेही योग्यच झालं. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने २०२२ मध्ये बंदी आणताना हिंदू, बौद्ध, जैन स्वस्तिकाला सूट कायद्यातच लिहिली. मेलबर्नच्या मराठी घरांतून दारात रांगोळीचं स्वस्तिक काढताना कुणाला धास्ती वाटू नये, यासाठी ती ओळ तिथे छापलेली असणं गरजेचं होतं.

बंदीविरुद्धचा सगळ्यात वजनदार युक्तिवाद अमेरिकेतून येतो आणि तो मी हलक्यात घेत नाही. १९७७ मध्ये शिकागोजवळच्या स्कोकी गावात अमेरिकन नाझींना मोर्चा काढायचा होता. त्या गावात छळछावण्यांतून वाचलेले अनेक ज्यू राहत होते. मोर्चेकऱ्यांच्या हक्कासाठी कोर्टात उभी राहिली एसीएलयू ही नागरी हक्कांची संघटना, आणि तिचा प्रमुख होता आर्ये नायर: बर्लिनमध्ये जन्मलेला, लहानपणी नाझींपासून पळून आलेला ज्यू. संघटनेने हजारो सभासद गमावले, पण तो ठाम राहिला. त्याचं म्हणणं असं की आज सरकारला नाझींचं तोंड बंद करायचा अधिकार दिला तर उद्या तेच सरकार कृष्णवर्णीयांचे मोर्चे अडवेल. दक्षिणेतल्या राज्यांनी तसे अडवलेही होते. शिवाय वायमार जर्मनीत, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याआधीच्या लोकशाही जर्मनीत, कायदे होतेच की! हिटलरला बव्हेरियात १९२५ ते १९२७ भाषणबंदी होती. मग काय उपयोग झाला?

इथे मी थांबते आणि वायमारकडे जरा जवळून बघते. नोव्हेंबर १९२३ च्या म्युनिकच्या उठावात चार पोलीस मारले गेले. हिटलर तेव्हा ऑस्ट्रियाचा नागरिक होता, आणि अशा परकीयाला देशाबाहेर काढायची तरतूद कायद्यात होती. न्यायाधीशांनी ती लावली नाही. इतका जर्मन मनाचा माणूस, त्याला कसं घालवायचं, असा सूर. पाच वर्षांची शिक्षा झाली आणि डिसेंबर १९२४ मध्ये साहेब बाहेर. म्हणजे जिथे खून आणि बंड होतं तिथे कायदा मवाळ, आणि मग वरवरची भाषणबंदी. नायरचं याबाबतचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं: राजकीय हिंसा करणाऱ्यांना वायमारने शिक्षा केली नाही, तिथे ते हरलं. पण त्यावरून चिन्हबंदी निरुपयोगी असा निष्कर्ष मी काढत नाही.

चिन्हबंदीने नाझी विचार संपतो का? अजिबात नाही. एनएसयू या नवनाझी टोळीने २००० ते २००७ मध्ये दहा जणांना गोळ्या घातल्या. २०२० मध्ये हानाऊत स्थलांतरित कुटुंबांतली नऊ माणसं एका रात्रीत मारली गेली. बंदी असलेल्या चिन्हाऐवजी लोक ८८ आकडा ('हाइल हिटलर'चा सांकेतिक आकडा) वापरतात, कैसरच्या काळातला युद्धध्वज लावतात. आणि दंड झालेल्या ह्योकेचा पक्ष सप्टेंबर २०२४ मध्ये थ्युरिंगियात ३२.८ टक्के मतं घेऊन पहिला आला.

हा शेवटचा आकडा बंदीच्या विरोधकांना आपला पुरावा वाटतो. मला तो उलट वाटतो. ह्योके निवडणूक लढला, सभा घेतल्या, स्थलांतरितांविरुद्ध जे बोलायचं ते बोलला, पक्षाला पहिल्या क्रमांकावर नेलं. त्याचं कुठलं धोरण मांडायचं राहिलं? फक्त एसएचं ब्रीद म्हणता आलं नाही. ते ब्रीद म्हणजे काही मुद्दा नव्हे, ज्यांचे आजीआजोबा त्या टोळ्यांनी रस्त्यावर फरफटत नेले त्यांना दिलेली ती ताकीद आहे. तेवढी हिरावून घेतल्याने लोकशाही चर्चेचं काय नुकसान झालं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

पण हाच देश दुसऱ्या कलमांत घसरतो. कलम १८८ राजकारण्यांच्या अपमानाला जादा शिक्षा देतं. २०२१ मध्ये हांबुर्गच्या गृहखात्याच्या मंत्र्याला ट्विटरवर एक टपोरी शिवी दिली म्हणून भल्या सकाळी पोलीस घराची झडती घ्यायला आले. न्यायालयाने ती झडती नंतर बेकायदा ठरवली, पण ज्याच्या घरात पोलीस शिरले त्याला ती सकाळ परत मिळत नाही. 'नदीपासून समुद्रापर्यंत' या पॅलेस्टाइनच्या घोषणेचंही तसंच. नोव्हेंबर २०२३ मध्ये गृहमंत्रालयाने ती हमासची घोषणा म्हणून बंदीच्या आदेशात टाकली. ती घोषणा हमासच्या आधीपासूनची आहे आणि वेगवेगळे लोक वेगवेगळ्या अर्थाने देतात. कुठल्या कोर्टाने शिक्षा केली, कुठल्या कोर्टाने गुन्हाच नाही म्हटलं. वुन्सीडेलच्या निकालातला 'एकच अपवाद' हा शब्द इथे कुणाला आठवला नाही, याचा मला राग येतो.

आणि आपलं घर? टिळकांवर १८९७ मध्ये राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितलं की सरकारविषयी प्रेम नसणं म्हणजेच अप्रीती. सहा युरोपीय ज्यूरर दोषी म्हणाले, तीन हिंदी निर्दोष म्हणाले. दीड वर्ष सक्तमजुरी. अशा कलमाखाली 'केसरी'त काय छापलं तर चालेल, हे टिळकांनी आधी कसं ओळखायचं होतं? नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला तेच झालं. बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई का बंद ठेवायची, एवढंच एका मुलीने फेसबुकवर विचारलं आणि मैत्रिणीने ते लाइक केलं. दोघींना अटक. आयटी कायद्याच्या ६६अ मध्ये 'त्रासदायक' मजकूर हाही गुन्हा होता. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं, कारण शब्द इतके ढिले की काहीही त्यात बसेल. त्यानंतरही पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवत राहिले.

म्हणून महाराष्ट्राच्या जनसुरक्षा विधेयकाचा २०२४ चा मसुदा वाचताना माझं लक्ष 'बेकायदेशीर कृत्या'च्या व्याख्येवर गेलं. बोललेल्या वा लिहिलेल्या शब्दांनी, खुणांनी, दृश्य रूपाने सार्वजनिक सुव्यवस्थेला, शांततेला धोका. कुठली खूण? कुणाची? धोका कुणाला वाटला म्हणजे? त्यावर १२ हजारांहून जास्त सूचना आल्या, काही बदल झाले, आणि जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं. 'जर्मनीत बघा, तिथेही बंदी आहेच' असं समर्थन मी तेव्हा कितीतरी ठिकाणी वाचलं. जर्मनीत बंदी घातलेल्या संघटनेचं नाव ठरलेलं असतं, चिन्ह त्या संघटनेचं असावं लागतं, आणि तीन शब्दांसाठीसुद्धा आरोपीला त्यांचा अर्थ ठाऊक होता हे सरकारी वकिलाला खुल्या कोर्टात सिद्ध करावं लागतं. जनसुरक्षा विधेयकाच्या समर्थकांपैकी ज्यांनी अंतिम मजकूर वाचला असेल, त्यांनी यातलं काय काय त्यात आहे ते कलम क्रमांकासकट खाली कमेंटमध्ये लिहावं. मी प्रत्येक उत्तर वाचेन.