हॅलोविन करा, पण स्वयंपाकघरात करा

लाल भोपळा अख्खा मागितला की आमच्या माहीमच्या बाजारातला भाजीवाला हमखास विचारतो, "अख्खा? घरात काही कार्य आहे का?" मुंबईत भोपळा फोडीनं घ्यायचा असतो, भाजीपुरता. मी त्याला सांगते की हो, कार्यच आहे. 31 ऑक्टोबरला हॅलोविनसाठी आमच्या मजल्यावरची सगळी पोरं घरी जमणार आहेत.

यावर घरातल्या मोठ्यांपासून शाळेच्या ग्रुपवरच्या आयांपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न असतो. आपले इतके सण असताना हे परक्यांचं भुताखेतांचं खूळ कशाला? प्रश्न योग्य आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

आधी जिथे सहमत आहे ते सांगते. मॉलमध्ये नाहीतर एखाद्या हॉलमध्ये जो हॅलोविन होतो, त्यात मुलांनी करण्यासारखं काही उरत नाही. तिकीट काढायचं, घाम फुटेल असा नायलॉनचा झगा घालायचा, प्लॅस्टिकच्या कवटीशेजारी उभं राहून फोटो काढायचा आणि चॉकलेटची पिशवी घेऊन घरी यायचं. आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात तो झगा दहा मिनिटंही अंगावर सोसवत नाही. असा हॅलोविन नसला तरी कुणाचं काही अडणार नाही.

पण हा सण मुळात असा नव्हताच. आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या केल्टिक लोकांचा हा सुगी संपून हिवाळा लागण्याच्या वेळचा सण. त्या रात्री जिवंत आणि मेलेल्यांच्या जगातली वेस पुसट होते, अशी समजूत. पुढे चर्चनं 1 नोव्हेंबर हा सगळ्या संतांचा आणि 2 नोव्हेंबर हा सगळ्या मृतात्म्यांचा दिवस ठरवला, आणि आदल्या संध्याकाळचे जुने रिवाज त्याला चिकटून राहिले. तेव्हा भोपळा नव्हता. आयर्लंडमध्ये सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे. एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक मोठ्या संख्येनं अमेरिकेत गेले, तिथे त्यांना भोपळा मिळाला, मोठा आणि कोरायला सोपा. खाऊही घरचाच असायचा. इंग्लंडात गरीब माणसं आणि मुलं दारोदार जाऊन त्या घरातल्या मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणायची आणि बदल्यात त्यांना घरी भाजलेला छोटा गोड केक मिळायचा. आयर्लंडमध्ये मनुकांचा पाव करतात आणि त्यात अंगठी लपवतात. ज्याच्या तुकड्यात ती येईल त्याचं लग्न लवकर.

दुकानातला खाऊ फार नंतर आला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत साखरेचं रेशनिंग होतं. ते उठल्यावर मुलांचं दारोदार फिरणं जोरात सुरू झालं आणि गोळ्या-चॉकलेटवाल्या कंपन्यांनी ती संधी साधली. तरी बरीच वर्षं घरी केलेले लाडूबिडूही चालायचे, म्हणजे त्यांचे मक्याच्या लाह्यांचे. 1970 च्या दशकात मात्र अनोळखी घरातल्या खाऊत काही घातलेलं असेल या भीतीनं आईबापांनी घरचा खाऊ बंद केला आणि फक्त पाकीटबंद वस्तू उरली. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. शेजारच्या बाईच्या हातचं खायची भीती वाटायला लागणं, याइतकी भयाण गोष्ट त्या सणातल्या कुठल्याच भुतात नाही. आमच्या मजल्यावर अजून एकमेकांच्या घरच्या वाट्या फिरतात. मग आपण त्यांचा तो पाकीटबंद हॅलोविन कशाला आणायचा? त्याच्या आधीचा आणूया.

आणि दारोदार जाऊन खाऊ मागणं आपल्याला कुठे नवं आहे? शिमग्याला कोकणात सोंगं घेऊन घरोघर फिरतात, संकासूर येतो, पोरं घाबरतात आणि त्याच्याच मागे धावतात, शेवटी घरधनी पोस्त देतो. संक्रांतीला तिळगूळ, दसऱ्याला सोनं, दोन्हीसाठी मुलं इमारतभर जिने चढतात-उतरतात. भोंडल्यात तर खिरापत आधी ओळखावी लागते, मगच मिळते. माझ्या मुलांना हॅलोविन परका वाटला नाही, त्याचं कारण हे सगळं त्यांनी आधी केलेलं होतं.

आता आम्ही काय करतो ते.

भोपळा. अमेरिकेतले कोरायचे भोपळे पातळ सालीचे आणि आतून बरेचसे पोकळ असतात. आपला जाड गराचा, टणक. तो आरपार कोरायला गेलात तर सुरी घसरते आणि मुलांच्या हाती काहीच काम राहत नाही. आम्ही आरपार कोरत नाही. खडूनं डोळे, नाक, दात काढायचे आणि तेवढीच हिरवी साल सोलाण्यानं खरवडायची. आतला केशरी गर दिसायला लागतो आणि हिरव्या तोंडावर केशरी डोळे वटारले जातात. मोठ्या माणसानं शेजारी बसायचं, पण हात मुलांचेच. शिवाय गर जागेवर राहतो, हे महत्त्वाचं. मुंबईच्या हवेत कापलेला भोपळा दोन दिवसही धड टिकत नाही, त्याला चिलटं लागतात. चेहरा एका संध्याकाळचा, दुसऱ्या दिवशी भोपळा कढईत. अन्न शोभेसाठी कोरून कचऱ्यात टाकणं मला पटत नाही आणि मुलांसमोर तर मी ते कधीच करणार नाही.

त्या संध्याकाळच्या घारग्यांसाठी एक फोड वेगळी आणायची. भोपळ्याचा किस दोन वाट्या, चिरलेला गूळ एक वाटी. चमचाभर तुपावर किस मऊ होईपर्यंत परतायचा, गूळ घालायचा, विरघळला की गॅस बंद. कोमट झालं की वेलची, चिमूटभर मीठ, दोन चमचे तांदळाचं पीठ, थोडं कडकडीत तेलाचं मोहन आणि त्यात मावेल तेवढी कणीक. पाणी अजिबात नाही. थापायचं काम मुलांचं. बाटलीच्या बुचानं डोळे पाडायचे आणि चमच्याच्या टोकानं तोंड. तळणाऱ्याला आधीच सांगून ठेवते, भोकं पाडलेला घारगा फुगत नाही. पण दात विचकणाऱ्या घारग्यापुढे टम्म फुगलेल्याला आमच्याकडे कुणी विचारत नाही. बिया धुऊन वाळवायच्या, मीठ लावून तव्यावर भाजायच्या. सोलायला वेळ लागतो, तेवढा वेळ पोरं एका जागी बसतात.

भुतं निवगऱ्यांची. मोदकासाठी काढतो तशीच तांदळाच्या पिठीची उकड, त्यात जिरं, मीठ आणि वाटलेली मिरची बेतानं. कोथिंबीर घालायची नाही, भूत पांढरंच हवं. प्रत्येकानं आपापलं भूत वळायचं, दोन काळे तीळ डोळ्यांच्या जागी आणि चाळणीत वाफवायला. कुणाचं भूत लठ्ठ होतं, कुणाचं वाफेत वाकतं. ज्यानं केलं त्यानं ते ओळखून खायचं. सोबत स्टीलच्या वाटीत रक्त, म्हणजे कोकमाच्या आगळात पाणी आणि साखर. हा रंग आणायला कुठल्याही बाटलीतला लाल रंग लागत नाही.

खेळ एकच पण पुरून उरतो. डबे ओळीनं मांडायचे, वर फडकं टाकायचं, दिवे मालवायचे आणि हात घालून ओळखायचं. भिजवलेला साबुदाणा, शिजवून गार केलेल्या शेवया, नारळाची शेंडी, भिजवलेलं जर्दाळू. कुणी साबुदाण्याला बेडकाची अंडी म्हणतं, कुणी शेंडीला राक्षसाची दाढी. शेवटच्या डब्यात खिरापत, ती ओळखली की वाटायची. बाकी वेश घरातलेच. आजोबांचं जुनं धोतर, कांबळं, काजळ आणि पावडर. वटवाघळं अंड्यांच्या ट्रेची. भिंतीला जुनी चादर लावून टॉर्चसमोर हाताच्या सावल्या.

दोन गोष्टी मात्र मी चालू देत नाही. उघडी ज्योत मुलांच्या हाती द्यायची नाही, कारण धोतर असो की झगा, कापड पेटायला क्षण पुरतो. पणती वर फडताळावर, खाली टॉर्च. दुसरं, भिकारी, वेडा, भाजलेला किंवा अपंग माणूस असं सोंग घ्यायचं नाही. जिवंत माणसाचं दुःख ही भीतीची गंमत होऊ शकत नाही. मुलांना हे एकदा सांगितलं की पुरतं. मोठ्यांना मात्र पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

मग गोष्टी. या संध्याकाळचा खरा गाभा इथे आहे. माझ्या सासूबाई वेंगुर्ल्याकडच्या. ड्रॅक्युला त्यांना ठाऊक नाही, त्यांना ठाऊक आहे तो रात्रीच्या वाटसरूला त्याच त्याच शेतात फिरवणारा चकवा, पाण्यात ओढणारा गिऱ्हा, पिंपळावरचा मुंजा, उलट्या पावलांची हडळ, आणि वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडणारा देवचार. आणि त्यांच्या जवळचा आरवलीचा वेतोबा. भुतांचा राजा वेताळ, पण तिथे तो गावाचा राखणदार आहे. रात्री गावाभोवती फिरून त्याच्या चपला झिजतात म्हणून भाविक त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात, आणि केळ्यांचे घड. ही गोष्ट ऐकल्यावर मुलांनी आपणहून पुठ्ठ्याची प्रचंड चप्पल करायला घेतली आणि दाराबाहेर ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्यानं विचारायचं आणि त्यांनी वेतोबा सांगायचा. दहा वर्षांची पोरं माहीममध्ये बसून मालवणी हेल काढून भुताची गोष्ट सांगतात, हे मी ऐकलंय. आजीकडे हे भांडार आहे हे त्यांना एरवी कधी कळलं असतं? वर्षभर आजी म्हणजे डबा आणि औषधं. या एका रात्री सगळे तिच्याभोवती.

"मुलांच्या डोक्यात अंधश्रद्धा भरताय" हा आक्षेप मी सगळ्यांत गंभीरपणे घेते. आपल्या राज्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी जादूटोणाविरोधी कायद्यासाठी आयुष्य वेचलं, 2013 मध्ये त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. त्यामुळे आमच्याकडे गोष्ट संपली की बोलणं होतं. चकवा का लागतो? अंधारात, धुक्यात दिशेच्या खुणा दिसेनाशा झाल्या की माणूस सरळ चालतोय असं वाटत असताना गोल फिरतो, हे प्रयोगांत दिसून आलेलं आहे. मग पोरं गच्चीत डोळ्यांवर पट्टी बांधून चालून बघतात. मोठ्या माणसानं हात धरून, अर्थात. भुताबद्दल बोलायचंच नाही असं ठरवलं तर भीती जात नाही, पांघरुणाखाली जाते. जे भूत आपण स्वतः वळलं, वाफवलं आणि खाल्लं, त्याची भीती किती उरणार? माझा धाकटा रात्री एकटा मोरीत जायचा नाही. आता जातो, आणि जाताना वेतोबाला हाक मारतो. पुढच्या वर्षी हाकही लागणार नाही, असं मला वाटतं.

अजून एक. आमच्या समोरच्या आंटी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या कॅथलिक ख्रिस्ती. त्यांच्या घरी 31 तारखेचं विशेष काही नसतं, त्यांचा दिवस 2 नोव्हेंबर. कबरी धुऊन पुसून फुलं वाहायची, मेणबत्त्या लावायच्या, प्रार्थना करायची. मुंबईतल्या दफनभूमी त्या संध्याकाळी माणसांनी भरलेल्या असतात. एकदा त्या फुलं घेऊन निघाल्या तेव्हा माझ्या लेकीनं विचारलं, "आंटी, तुमचा पितृपक्ष का?" आंटी म्हणाल्या, "हां, तसाच गो बाय." तेव्हापासून आमच्या संध्याकाळी घारग्यांचं पहिलं ताट माझ्या सासऱ्यांच्या फोटोपुढे जातं. त्यांना भोपळा आवडायचा. ते गेले तेव्हा धाकटा जन्मलाही नव्हता. आजोबा कसे हसायचे, गाडीत खिडकीसाठी कसे भांडायचे, हे त्याला या संध्याकाळी ऐकायला मिळतं. श्राद्धाच्या दिवशी मुलांना गप्प बसवतात, प्रश्न विचारू देत नाहीत. इथे हवे तेवढे विचारतात. मेल्यावर माणूस कुठे जातो, हेही विचारतात. सासूबाई त्यांचं उत्तर देतात, मी माझं, आणि आंटी असतील तर त्यांचं.

आणि दिवाळीचं काय, असं विचारणाऱ्यांसाठी. यंदा 31 ऑक्टोबर शनिवारी आहे आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. किल्ल्याची माती आम्ही रविवारी आणणार आहोत. अंड्यांच्या ट्रेमधले उरलेले खळगे रंगवून किल्ल्याचे बुरूज होतील, हे मुलांनी आत्ताच ठरवून टाकलंय. चकलीचा सोऱ्या भुतं वळताना वापरायचा नाही, ही सासूबाईंची एकमेव अट आहे.

आमच्याकडे सगळी कोकणातली भुतं आहेत. विदर्भातली, खानदेशातली, मराठवाड्यातली मला माहीत नाहीत. तुमच्या आजीनं सांगितलेलं एखादं असेल तर खाली लिहा. नाव काय, राहतं कुठे, करतं काय आणि कशानं पळतं. शुक्रवारपर्यंत आलं तर शनिवारी सांगता येईल.