तळ्याला दार हवं, दाराला माणूस

नवी मुंबईतल्या नेरुळच्या डीपीएस शाळेजवळच्या तळ्याचा, म्हणजे डीपीएस तळ्याचा वाद सिंगापूरमध्येही नवी मुंबईकरांच्या गप्पांत हटकून निघतो: ही पाणथळ जागा की बांधकामाचा भूखंड? २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळानं तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली, तेव्हा अनेकांना वाटलं, जिंकलो. पण कागदानं जागा वाचते, पाणी वाचत नाही.

फ्लेमिंगोंचा दिवस भरती-ओहोटीवर चालतो. ओहोटीला ठाणे खाडीचा चिखल उघडा पडतो, तिथे ते चरतात. भरतीला चिखल बुडाला की थवे नेरुळ-सीवूड्सच्या उथळ तळ्यांवर टेकायला येतात. या तळ्यांत पाणी खाडीतूनच येतं. येण्याची तोंडं गाळानं किंवा भरावानं बुजली की आतलं पाणी कुजतं, हिरवा थर धरतं आणि उन्हाळ्यात आटतं. २०२४ च्या उन्हाळ्यात डीपीएस तळं असंच सुकलं आणि परिसरात मेलेले फ्लेमिंगो सापडले. तोंड नुसतं सताड उघडं ठेवूनही भागत नाही. पाणी फार चढलं तर पक्ष्यांना पाय टेकायला जागा उरत नाही.

सिंगापुरात क्रांजीजवळच्या सुंगई बुलोह या पाणथळ राखीव क्षेत्रात हाच प्रश्न आहे. जोहोरच्या सामुद्रधुनीचा चिखल बुडाला की किनाऱ्यावरचे स्थलांतरित पक्षी आतल्या तळ्यांवर येतात. ही तळी म्हणजे जुनी कोळंबीची शेतं. १९८६ मध्ये ती पक्षीनिरीक्षकांच्या नजरेत भरली, १९८९ मध्ये तिथे निसर्गोद्यान ठरलं, २००२ मध्ये राखीव क्षेत्र झालं. कोळंबीवाल्यांची पाण्याची दारं मोडीत काढली नाहीत. सप्टेंबर ते मार्च पक्षी येतात तेव्हा ती दारं वरखाली करून तळ्यातलं पाणी उतरवतात, चिखल उघडा ठेवतात. लाकडी आडोशाच्या फटीतून शाळेची पोरं आणि आजीआजोबा पक्षी बघतात, तेही फुकट.

सिंगापूरचं आंधळं कौतुक मात्र नको. या देशानं आपली बहुतेक खारफुटी गमावली आहे, आता उरलेली जपतो आहे. सुंगई बुलोह सुमारे २०० हेक्टर. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य जवळपास १,६९० हेक्टर आणि २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत. ठेव आपलीच मोठी आहे.

दाराची विद्याही बाहेरून आणायला नको. आपल्याकडच्या खाजणशेतीत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीत, बांधाला उघाडी नावाचं पाण्याचं दार असतं: भरतीचं खारं पाणी अडवायचं, शेतातलं जादा पाणी ओहोटीला सोडायचं. तळ्याला उलट काम हवं. भरती आत घ्यायची, लागेल तेवढी धरायची, बाकीची परत सोडायची. त्यासाठी तोंडावर प्लास्टिक अडवणारी जाळी, फळ्या कमीजास्त करता येतील असं दार आणि पाण्यात उभी मोजपट्टी एवढं पुरे. जाळी अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणानंतर साफ झालीच पाहिजे, कारण कचरा तेव्हाच सगळ्यात जास्त येऊन अडकतो.

सगळ्यात अवघड आहे माणूस. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे दहा ते सहाची ड्युटी या कामाला निरुपयोगी. कधी पहाटे चारला दार उघडावं लागेल. नेरुळजवळच्या सारसोळे, करावे या गावांत भरतीचं गणित तोंडपाठ असलेली माणसं आहेत. त्यांच्यातूनच दोघांची पगारी नेमणूक करावी, रोजची पाणीपातळी त्यांच्याकडून लिहून घ्यावी आणि ती नोंद तळ्याकाठच्या फळ्यावर सगळ्यांना दिसेल अशी लावावी.