सई म्हणजे साईचं स्त्रीलिंग? नाही हो!

परवा तो फॉरवर्ड परत आला, तिसऱ्यांदा, आणि यावेळी आमच्याच फॅमिली ग्रुपवर. "मुलीचं नाव सई ठेवताय? आधी हे वाचा" अशी सुरुवात आणि खाली पाच मुद्दे. सई हे 'साई'चं स्त्रीलिंगी रूप, शिवाजी महाराजांच्या राणीचं नाव म्हणून अर्थ 'राणी', मूळ शब्द फारसी 'सही', सई म्हणजे आठवण, आणि शेवटी काय तर हे नाव म्हणे एका हिरॉइनमुळे आत्ता आत्ता आलंय. एकाच मेसेजमध्ये एका नावाची तीन वेगवेगळी मुळं, पाठवणाऱ्यांपैकी कोणालाच काही खटकलं नाही का? माझ्या भाचीचं नाव सई आहे त्यामुळे मला जरा जास्तच झोंबलं, म्हणून लिहितोच.

साईपासून सुरू करतो. साई येतो 'स्वामी'वरून, गोस्वामीचा गोसावी झाला ना, त्यातलाच प्रकार. सईशी त्याचा काही संबंध नाही, गोंधळ सगळा इंग्लिश स्पेलिंगचा, दोन्ही एस-ए-आय. भाचीच्या शाळेत पहिल्या वर्षी कॅटलॉगमध्ये तिच्या नावापुढे 'कुमार' लागलं होतं आणि स्पोर्ट्स डेला नाव थेट मुलांच्या रनिंगमध्ये. ती धावली पण, दुसरी आली, ते असो.

मग खरं मूळ काय, तर सखी. संस्कृत 'सखी'मधल्या ख चा प्राकृतात ह होतो, म्हणजे सही, आणि पुढे तो ह पण गळतो, राहते सई. हे मी मनचं सांगत नाहीये, असं ह होणं तिथे रोजचंच आहे, दधिचं दही झालं, बधिरचा बहिरा झाला, तसंच हे. अर्थ साधा, मैत्रीण. जात्यावरच्या ओवीत बाई दळता दळता 'सये' म्हणून जिला हाक मारते ती हीच, आणि मंगळागौरीला 'सयांनो' म्हणतात तेव्हा कोणी साईभक्तांना बोलवत नसतं!

आता राणी. सईबाई फलटणच्या निंबाळकरांच्या, १६४० मध्ये महाराजांशी लग्न झालं, १६५७ ला पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म आणि लेकरू जेमतेम दोन वर्षांचं असताना १६५९ मध्ये राजगडावर त्या गेल्या. मान आहेच, पण राणीचं नाव म्हणून अर्थ राणी, हा कुठला हिशोब? मग सोयराबाई, पुतळाबाई, सगळ्यांचाच अर्थ राणी करा. नीट बघितलं तर गंमत दिसते, सोयरा म्हणजे नात्यातला माणूस, सई म्हणजे मैत्रीण, आणि सईबाईंच्या एका मुलीचं नाव सखुबाई! म्हणजे आई सई, लेक सखू, एकाच शब्दाची दोन रूपं एका घरात. मला हे लक्षात आलं तेव्हा मी स्वतःशीच हसलो, इतकी वर्षं ही नावं वाचतोय आणि कधी जोडलं नव्हतं.

'सही'चा मुद्दा दोन ओळींचा. तो अरबी 'सहीह', म्हणजे बरोबर, खरं, फारसीतून आपल्याकडे आला. बोलताना आपण "इथं सई कर" म्हणतो म्हणून कानाला सारखं वाटतं, बास.

आठवणीला मात्र मी अर्धा मार्क देतो. 'सय' म्हणजे आठवण हा अस्सल मराठी शब्द आहे, माहेरची सय येते म्हणतात, आणि कानाला दोन्ही इतके जवळ की कोणीही फसेल. पण सय वेगळी, सई वेगळी. कोणी गेलेल्या आजीची आठवण म्हणून मुद्दाम सई ठेवलं असेल तर ठेवू दे बापडे, मी भांडायला जाणार नाही, फक्त डिक्शनरीतला अर्थ म्हणून पाठवू नका.

राहिली हिरॉइन. सई ताम्हणकरचा जन्म १९८६ चा, म्हणजे तिच्या घरच्यांना तरी हे नाव आधीपासून माहीत होतं ना? आणि दिग्दर्शिका सई परांजपे तर १९३८ च्या. त्यात कहर म्हणजे ज्या फॉरवर्डच्या मुद्दा दोनमध्ये शिवकाळ आहे, त्याच्याच मुद्दा पाचमध्ये हे 'नवीन फॅड'. आता सई जास्त ऐकू येतं हे खरंय, छोटी नावं सगळ्यांना आवडतायत, रेवा, ईरा, जुई, त्यात सई पण आलं, शेवटची 'बाई' तेवढी गळली.

भाचीला हे सगळं वाचून दाखवलं तर तिचा प्रॉब्लेम वेगळाच निघाला. वर्गात तीन सई आहेत, तिघी एकाच बाकावर बसतात, आणि बाईंनी "सई, उभी राहा" म्हटलं की तिघी एकदम उठतात.