‘फक्त इमोजी ठेवा, भांडणं संपतील’ म्हणे!

‘सर्व ग्रुप अ‍ॅडमिनसाठी अत्यंत महत्त्वाचे’ अशा मथळ्याचं एक फॉरवर्ड सध्या सोलापुरात सोसायट्यांच्या, भिशीच्या आणि भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतंय. म्हणणं असं की ग्रुपवरची लेखी उत्तरं बंद करा, सेटिंग ‘फक्त अ‍ॅडमिन’ करा आणि सदस्यांना नुसत्या इमोजी रिअ‍ॅक्शन देऊ द्या. भांडणं आपोआप थांबतील. त्याला पाच कारणं दिलीत. एक, इमोजी जपानी शास्त्रज्ञांनी मनःशांतीसाठी शोधल्या. दोन, त्या सगळ्या जगाला सारख्याच कळतात. तीन, हसऱ्या चेहऱ्यानं वातावरण हलकं राहतं, कुणाचं काही बिघडत नाही. चार, फेसबुकनं याचसाठी रिअ‍ॅक्शन आणल्या आणि तिथली कटुता कमी झाली. पाच, नुसत्या इमोजीला कायदा लागत नाही, निर्धास्त राहा.

असल्या फॉरवर्डना मी उत्तर देत बसत नाही. दिवसभर तेवढंच करावं लागेल. पण हे जुळे सोलापुरातल्या माझ्या मावशीपर्यंत पोचलं. ती तिच्या सोसायटीच्या ग्रुपची अ‍ॅडमिन. रोजच्या पार्किंगच्या वादाला आधीच वैतागलेली होती, तिनं त्याच रात्री सेटिंग बदलून टाकलं. मग काय झालं ते तिसऱ्या मुद्द्यात सांगतो, कारण सगळं पाणी तिथंच मुरतंय.

आधी ते जपानी शास्त्रज्ञ. शिगेताका कुरिता हे एनटीटी डोकोमो या मोबाइल कंपनीत नोकरीला होते. कंपनीच्या आय-मोड या मोबाइल इंटरनेट सेवेसाठी 1999 मध्ये त्यांनी 176 छोट्या चित्रांचा संच तयार केला. 12 बाय 12 ठिपक्यांच्या चौकटीत बसवलेली ऊन, पाऊस, छत्री असली चित्रं. इवल्याशा पडद्यावर थोडक्यात निरोप पोचावा एवढाच हेतू. मनःशांती त्यात कुठून घुसली देव जाणे. पुढे चला.

‘सगळ्या जगाला सारख्याच कळतात.’ अहो, एकाच जिन्यातल्या लोकांना कळत नाहीत! मावशीच्या सोसायटीत एका आजोबांच्या निधनाची बातमी आली, तर खाली निम्म्या लोकांचे हात जोडलेले आणि दोघा-तिघांचे अंगठे. अंगठेवाल्यांना म्हणायचं होतं, ‘निरोप मिळाला, येतो.’ आजोबांच्या मुलानं वाचलं, ‘बरं झालं.’ तो त्यातल्या एकाशी पुढं कितीतरी दिवस बोलला नाही. आणि हे जोडलेले हात तरी काय एकच गोष्ट सांगतात? नमस्कार, श्रद्धांजली, आभार, ‘माफ करा’, आणि वादाच्या मध्ये आले तर ‘पुरे करा आता तुमचं’. कुठला अर्थ घ्यायचा हे वाचणाऱ्याच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये हेच तपासलं होतं. तेच चित्र, त्याच रूपात लोकांना दाखवलं, तरी ते चांगल्या भावनेचं, वाईट भावनेचं की मधलं, यावर साधारण चारातल्या एका वेळी लोकांचं एकमत होत नव्हतं. खुद्द फेसबुकनं सुरुवातीच्या चाचणीत ‘याय’ नावाची आनंदाची एक रिअ‍ॅक्शन ठेवली होती. ती सगळीकडे सारखी कळत नाही म्हणून शेवटी काढून टाकली. ज्यांचा धंदा आहे त्यांना जे जमलं नाही, ते या फॉरवर्डकर्त्यानं एका ओळीत जमवलं.

आता तिसरा मुद्दा. हसऱ्या चेहऱ्यानं म्हणे कुणाचं काही बिघडत नाही.

सेटिंग बदलल्यावर थोड्याच दिवसांत खजिनदारांनी मेंटेनन्सच्या थकबाकीची यादी ग्रुपवर टाकली. ते अ‍ॅडमिन असल्यामुळे त्यांना लिहिता येत होतं. फ्लॅट नंबर, नाव, रक्कम, अशा ओळी. त्यातल्या एका ओळीपुढं त्यांनी कंसात एक शब्द घातला होता : ‘नेहमीप्रमाणे’. ते घर ज्यांचं, त्यातला कर्ता माणूस पूर्व भागातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात कामाला. माग बंद, त्यामुळे हप्त्याचा पगार बंद, त्यामुळे मेंटेनन्स राहिलेला. हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक. यादीखाली बघता बघता हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग लागली.

इथं व्हॉट्सअ‍ॅपची ही सोय नेमकी कशी चालते ते बघा, म्हणजे यातली मेख कळेल. मे 2022 मध्ये रिअ‍ॅक्शन आल्या तेव्हा अंगठा, बदाम, हसणारा, आश्चर्याचा, रडणारा आणि जोडलेले हात असे सहाच पर्याय होते. दोन महिन्यांत कुठलीही इमोजी चालेल असं झालं. म्हणजे मेसेजवर बोट दाबून धरायचं, चेहरा निवडायचा, संपलं. लिहायला निदान दोन शब्द जुळवावे लागतात, आपलं नाव आणि आपलं वाक्य शेजारी दिसतं, म्हणून माणूस क्षणभर थांबतो. इथं थांबायचं कारणच उरत नाही. दुसरं, रिअ‍ॅक्शनला रिप्लाय देता येत नाही. कुणी वाकडं लिहिलं तर तो मेसेज धरून विचारता तरी येतं, ‘याचा अर्थ काय?’ चेहऱ्याला धरायचं कुठं? तिसरं, लिहिलेला मेसेज पुसला तर ‘हा मेसेज काढून टाकला’ अशी खूण मागे राहते. रिअ‍ॅक्शन काढली की मागमूस राहत नाही. आणि त्यात ग्रुप ‘फक्त अ‍ॅडमिन’ केलेला! म्हणजे ज्याची चेष्टा चाललीय त्याच्या तोंडावर हात ठेवायचा आणि बाकीच्यांनी गोल उभं राहून दात काढायचे. चौकात कुणी असं केलं असतं तर चार माणसं मध्ये पडली असती.

‘नेहमीप्रमाणे’ लिहिलेल्या त्या घरातली बाई ग्रुपवर काहीच लिहू शकत नव्हती. रिअ‍ॅक्शनवर बोट ठेवलं की कुणी कुणी दिली त्यांची नावं दिसतात, ती तिनं सगळी वाचली. ज्यांच्या घरी ती गणपतीत मोदक करायला गेली होती त्यांचंही नाव त्यात होतं. रात्री ती फोन हातात घेऊन मावशीच्या दारात आली आणि म्हणाली, ‘हसायला काय झालंय ओ काकू ह्याच्यात?’ मावशीकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मे चेहरे गायब. विचारायला गेलं तर एकाचं उत्तर, ‘आम्ही यादीला हसलो, तिला कुठं?’ दुसऱ्याचं, ‘मस्करी केली बे, एवढं काय मनावर घ्यायचं!’ तिसऱ्यानं तर आपण रिअ‍ॅक्शन दिलीच नव्हती असं सांगितलं, आणि ते खोटं ठरवायला आता पुरावा शिल्लक नव्हता.

आता ग्रुप बघितला तर एकदम शांत. शिवी नाही, वाद नाही, मोठं अक्षर नाही. फॉरवर्डमध्ये कबूल केलेली सभ्यता ती हीच. आणि खाली पार्किंगमध्ये दोन घरांची गाडी काढण्यावरून बाचाबाची, ती मात्र जोरात. लेखी भांडण निदान सगळ्यांसमोर होत होतं. कुणी ‘अहो, जाऊ द्या’ म्हणायला होतं. ‘नेहमीप्रमाणे’ या शब्दावर एखाद्यानं तरी ‘हे काय लिहिलंत?’ असं विचारलं असतं. विचारणाऱ्यांचंच तोंड या सेटिंगनं बंद केलं, हसणाऱ्यांचं मोकळं ठेवलं.

चौथा मुद्दा फेसबुकचा. यावर आपल्या अनुभवाची गरजच नाही, कारण फेसबुकचीच कागदपत्रं बोलतात. लाइकच्या जोडीला लव्ह, हाहा, वॉव, सॅड आणि अँग्री या रिअ‍ॅक्शन फेब्रुवारी 2016 मध्ये जगभर सुरू झाल्या. फ्रान्सिस हॉगेन या माजी कर्मचारी बाईंनी बाहेर आणलेल्या अंतर्गत कागदपत्रांवरून ‘वॉशिंग्टन पोस्ट’नं ऑक्टोबर 2021 मध्ये सविस्तर बातमी दिली. 2017 पासून कुठली पोस्ट लोकांना वर दाखवायची हे ठरवताना एका इमोजी रिअ‍ॅक्शनला एका लाइकच्या पाचपट वजन दिलं जात होतं. रागाच्या चेहऱ्यालाही तेवढंच. म्हणजे तुम्ही संतापून लाल तोंड दाबलं की ती पोस्ट आणखी लोकांपुढं सरकणार. हे धोक्याचं आहे असं कंपनीतल्याच काहींनी आधी बजावलं होतं. 2019 मध्ये कंपनीच्याच डेटा सायंटिस्टांनी नक्की केलं की ज्या पोस्टवर रागाचे चेहरे जास्त येतात, त्यांत खोटी माहिती, विखार आणि टुकार बातम्या यांचं प्रमाण जास्त असतं. अखेर सप्टेंबर 2020 मध्ये रागाच्या रिअ‍ॅक्शनचं वजन शून्य केलं गेलं. त्यानंतर लोकांपुढं खोटी माहिती आणि हिंसक मजकूर कमी येऊ लागला, हेही त्यांच्याच माणसांनी नोंदवलं. रिअ‍ॅक्शनमुळे कटुता कमी झाली म्हणे! त्यातल्या एका रिअ‍ॅक्शनचं मोल काढून घेतलं, तेव्हा कुठं फरक पडला.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर असं वर-खाली सरकवणारं गणित नाही, मेसेज आले तसे दिसतात, त्यामुळे हा दाखला जसाच्या तसा सोसायटीला लागू होत नाही. पण फेसबुकला साक्षीला त्या फॉरवर्डनंच बोलावलं होतं, मी नाही.

कायद्याचं थोडक्यात. कॅनडातल्या सास्काचेवान प्रांतात एका धान्य खरेदीदारानं जवसाच्या सौद्याच्या करारनाम्याचा फोटो शेतकऱ्याला मोबाइलवर पाठवला आणि ‘करार पक्का असल्याचं कळवा’ म्हटलं. शेतकऱ्यानं उलट नुसता अंगठा पाठवला. पुढं जवस काही आला नाही. शेतकरी म्हणाला, अंगठा म्हणजे ‘फोटो मिळाला’. न्यायालय 2023 मध्ये म्हणालं, ही सहीच आहे, आणि त्याला 82 हजार कॅनेडियन डॉलरहून जास्त भरपाई द्यायला लावली. वरच्या न्यायालयानंही 2024 मध्ये ते कायम ठेवलं. (जवसाची चटणी खाणाऱ्यांनी आणि जवस विकणाऱ्यांनी दोघांनीही लक्षात ठेवावं.) तो अंगठा मेसेजखालची रिअ‍ॅक्शन नव्हता, स्वतंत्र पाठवलेला होता, हे खरं, पण ‘इमोजीला कायदा लागत नाही’ या वाक्याची वाट लावायला तेवढा पुरे. आपल्याकडे रेल्वे सुरक्षा दलातल्या एका कॉन्स्टेबलनं एका अधिकाऱ्याच्या हत्येच्या बातमीवर ग्रुपमध्ये अंगठा टाकला, तर त्याला नोकरीवरून काढलं होतं. मद्रास उच्च न्यायालयानं 2024 मध्ये त्याला परत घेण्याचा निकाल कायम ठेवला. अंगठा म्हणजे नुसतं ‘बरं’ असू शकतं, हत्येचा आनंद नव्हे, असं न्यायालय म्हणालं. सुटला बिचारा. पण नोकरी परत मिळवायला कोर्टाची पायरी चढावी लागली, याला निर्धास्त म्हणत असाल तर म्हणा.

आता एक गोष्ट त्या फॉरवर्डच्या बाजूची, नाइलाजानं. गर्दी कमी होते, हे खरं आहे. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी, तेही कधी पहाटे तर कधी भर दुपारी. ‘उद्या पहाटे पाणी’ असा मेसेज आला की पूर्वी त्याखाली ओके, धन्यवाद, शुभ रात्री आणि फुलांचे गुच्छ यांची एवढी रास पडायची की मूळ वेळ शोधायला वर वर जावं लागायचं. आता अंगठे एका मेसेजखाली गोळा होतात आणि वेळ जागेवर राहते. प्रोग्रॅमर मंडळींच्या गिटहब या साइटवर 2016 मध्ये रिअ‍ॅक्शन आल्या त्या याच कारणानं. नुसतं ‘प्लस वन’, म्हणजे ‘माझंही हेच’, लिहिणाऱ्यांनी चर्चा भरून जात होत्या, त्याची लोकांनी जाहीर तक्रार केली होती. पण ही सोय झाली, सभ्यता नव्हे. पाण्याच्या वेळेवर कुणाचं भांडण नव्हतंच.

मावशीला मी म्हटलं, ‘आधी ते सेटिंग काढ.’ ती म्हणाली, ‘परत पार्किंगचं सुरू होईल बघ.’ झालंच सुरू, पहिल्याच संध्याकाळी. पण त्याच संध्याकाळी पहिल्या मजल्यावरच्या एका आजींनी ग्रुपवर खजिनदारांना विचारलं की ‘नेहमीप्रमाणे’ हा हिशेबातला कुठला शब्द आहे. खजिनदारांनी दोन दिवसांनी का होईना, लेखी दिलगिरी टाकली. थकबाकीची यादी आता ग्रुपवर येत नाही. ज्याची रक्कम त्याला वेगळी कळवतात.